हाती राण्यांची जोडी, समोरून ऑल-इन: पॅक कधी करायचं?

बदामसत्ती

पार्ल्याच्या आमच्या मंडळात शनिवारी टेक्सस होल्डेम असतं, म्हणजे पोकर: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर उघडणारी पाच पानं सगळ्यांची. नऊ जण, प्रत्येकी १०० बिग ब्लाइंडची टोकनं (बिग ब्लाइंड, थोडक्यात बीबी, म्हणजे डावाआधी एकाला सक्तीने भरावा लागणारा भाग), पैसे नाहीत. वाद होतो तो दर वेळी एकाच गोष्टीवर. एक गट म्हणतो, एक्के, राजे, राण्या यांची जोडी आणि एक्का-राजा ही चार पानं कधीच टाकायची नाहीत. दुसरा गट समोरून दुसऱ्यांदा रेज (बोली वाढवणं) आली की राण्यांची जोडी लगेच टाकतो. दोन्हीकडे कारण एकच, "मला वाटलं". त्याच्या पलीकडचं काहीतरी हवंय.

उदाहरण देतो, म्हणजे हवेत बोलणं नको. पहिल्या जागेवरून ३ बीबीची रेज. पाचव्या जागेवरचा खेळाडू, जो तासन् तास पानं टाकत बसतो, तो १० करतो. तुम्ही डीलर बटणावर (वाटणाऱ्याची जागा), हातात राण्यांची जोडी. तुम्ही २४ करता. पहिला पॅक (पानं टाकून बाहेर), पाचवा ऑल-इन (सगळी टोकनं पुढे), १००. आता कॉल (त्याच्याइतकं भरणं) की पॅक?

संपादक

चर्चा चांगली आहे, चालू द्या. एक सूचना: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही लागू आहेच. त्यामुळे ॲपचे दुवे, रुपयांतले आकडे, "कुठे खेळता" असल्या चौकशा नकोत. सगळा हिशेब बीबीत करा.

हिशेबनीस

आधी किंमत काढू. पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या टोकनांत) तुमचे २४, त्याचे १००, पहिल्याचे ३ आणि ब्लाइंडचे दीड (बिगचा १, स्मॉलचा अर्धा), म्हणजे १२८.५. तुम्हाला अजून ७६ घालायचे आहेत. ७६ भागिले २०४.५ (१२८.५ अधिक ७६), म्हणजे ३७ टक्के. तुमची पानं त्याच्या संभाव्य पानांविरुद्ध ३७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा जिंकत असतील तर कॉल, नाहीतर पॅक.

आता त्याची पानं मोजायची. "त्याच्याकडे एक्केच असणार" असं एका हातावर बोट ठेवून चालत नाही, सगळे कॉम्बो (दोन पानं येण्याचे शक्य प्रकार) मोजावे लागतात. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे येते, राजांची ६ प्रकारे, एक्का-राजा १६ प्रकारे (त्यातले ४ एकाच रंगाचे). एकूण २८. पहिल्या १२ विरुद्ध राण्या साधारण १८-१९ टक्के जिंकतात, एक्का-राजाविरुद्ध सरासरी ५६. भारित सरासरी ४० टक्के. म्हणजे कॉल, पण काठावरचा.

इथून पुढे सगळं त्या १६ वर ठरतं. हा माणूस वेगळ्या रंगाचा एक्का-राजा घेऊन ऑल-इन जात नसेल, तर १६ चे ४ उरतात आणि तुमचे ४० चे २७ होतात. पॅक, आणि त्यात विचार करण्यासारखं काही नाही. उलट तो गुलामांची जोडी घेऊनही ऑल-इन जाणारा असेल, तर गुलामांचे ६ आणि राण्यांचा उरलेला १ मिळून ३५ कॉम्बो होतात आणि तुम्ही ४७ टक्क्यांवर. तेव्हा पॅक केलं तर नुकसान.

राण्या त्याच, किंमत तीच. समोरच्याच्या यादीत १२ कॉम्बो इकडचे तिकडे झाले की उत्तर उलटतं. म्हणून "राण्या टाकायच्या का" या प्रश्नाला एकच उत्तर कुणीच देऊ शकणार नाही. "हा माणूस एक्का-राजा घेऊन काय करतो" हे विचारा. त्याचं उत्तर टेबलावर मिळतं: शो झाला की त्याची पानं लक्षात ठेवा, आधी कितीची रेज होती तेही.

मेंढीकोट_ठाणे

हिशेब बरोबर आहे, पण मुळात ते २४ कशाला केले? तिथेच अडचण सुरू झाली.

तासन् तास पानं टाकणाऱ्याने आधीच्या रेजवर १० केले आहेत. तुम्ही २४ केले की दश्श्या, गुलाम, एक्का-राणी असं जे काही तुमच्यापेक्षा कमी होतं ते तो टाकतो. पुढे येतं ते फक्त भारी. नुसते १० कॉल करा. पहिला पॅक झाला तर पॉट २४.५, दोघांकडे ९० शिल्लक, आणि तुम्ही बटणावर, म्हणजे प्रत्येक फेरीत शेवटी बोलणार.

पुढचा खेळ सोपा होतो. समजा त्याची यादी एक्के, राजे, एक्का-राजा एवढीच आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, एक्का किंवा राजा आला (राण्या धरल्या तर ४१ टक्के वेळा येतो) तर त्या यादीतला प्रत्येक कॉम्बो तुमच्या पुढे आहे. राणी पडली नसेल तर पहिल्याच बेटवर पॅक, गेले फक्त १०. फ्लॉप लहान पानांचा आला तर एक्का-राजाचे सोळाच्या सोळा मागे आणि १२ पुढे, तेव्हा एक-दोन बेट कॉल करा. अवघड प्रश्न ७६ ला विकत घेण्याऐवजी सोपा प्रश्न १० ला मिळतो.

एकच धोका, पहिल्या जागेवरचा अजून बोलायचा आहे. तो उठून ३० करेल तर मधला काय करतो ते बघायचीही गरज नाही, तुम्ही पॅक.

बदामसत्ती

हे पटलं. मग राजांच्या जोडीचं काय? तिथेही हीच मोजणी?

हिशेबनीस

मोजणी तीच, उत्तर वेगळं, कारण तुमच्या हातातले दोन राजे त्याच्या यादीतून वजा होतात. तेच २४ वर १०० चं उदाहरण घ्या. एक्के ६, राजे १, एक्का-राजा १६ ऐवजी ८. एकूण १५. एक्क्यांविरुद्ध १८ टक्के, एक्का-राजाविरुद्ध ६९ च्या आसपास. सरासरी ४७. कॉल.

एक्का-राजा काढून राण्यांची जोडी घातली तरी ४९-५० टक्के येतात. म्हणजे १०० बीबीला राजे टाकायचे असतील तर समोरच्याच्या यादीत एक्के आणि तो एक उरलेला राजांचा कॉम्बो, याशिवाय काहीही नसायला हवं. तेव्हा २३ टक्के होतात. असा माणूस क्वचित भेटतो. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना इतर आठांपैकी कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत, पंचवीस डावांत एकदा. त्या एका डावाच्या आठवणीपायी उरलेले चोवीस टाकले तर ते वसूल होत नाहीत.

१०० ऐवजी २५०-३०० बीबी असतील तर गोष्ट बदलते. कुणीही शुद्धीत असताना गुलाम घेऊन ३०० घालत नाही. जितकी टोकनं जास्त, तितकी ऑल-इनची यादी आखूड, आणि तितकं पॅक करायला कारण जास्त.

गिरगावकर५२

मुंबईत बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो आणि "चांगली पानं टाकायची नाहीत" हे तिथून येतं. तीन पत्तीत ते बरोबर आहे. तीन पानं आली की डाव तयार, पुढे काही येत नाही. २२,१०० प्रकारांत ट्रेल (तीन सारखी पानं) फक्त ५२. ट्रेल लागली की कितीही चाल येऊ द्या, पॅक करायचं कारणच नाही.

होल्डेममध्ये दोन पानांवर अजून पाच यायची असतात. एक्क्यांची जोडी सगळ्यात मोठी सुरुवात आहे, पण पाच पानं उघडल्यावर मदत मिळाली नाही तर ती फक्त एक जोडी राहते. दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, सगळं तिच्यावर. म्हणून किती जण आत आहेत हे आधी बघा. कुठल्याही पानांच्या एका खेळाडूविरुद्ध एक्के ८५ टक्के जिंकतात. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६, पाच जणांविरुद्ध ४९. आठही जण आत राहिले तर ३५.

घरगुती टेबलावर नेमकं हेच होतं. चार जण नुसता एक बीबी भरून आत येतात, एक्केवाला "गिऱ्हाईक पळू नये" म्हणून ३ करतो आणि पाच जण फ्लॉप बघतात. मग अठ्ठी-सत्तीवाल्याने दोन जोड्या दाखवल्या की नशिबाला दोष. तिथे रेज ३ ची नको. ४ बीबी आणि आधी आत आलेल्या प्रत्येकामागे १, म्हणजे चार जण असतील तर ८. एक-दोनच उरले तर पुढे पॅक करायची वेळच कमी येते.

इस्पिकचा_गुलाम

राजे-राण्यांवर एवढी चर्चा झाली, पण टोकनं जास्त जातात ती एक्का-राणी, राजा-राणी आणि एक्का-गुलामात. दिसायला देखणी, म्हणून टाकवत नाहीत.

पहिल्या जागेवरून रेज म्हणजे आठ जण मागे बसलेले असताना केलेली रेज, ती यादी मुळातच आखूड. त्यावर कुणी थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) केली तर वेगळ्या रंगाची एक्का-राणी सरळ टाका. एक्का-राजासमोर ती साधारण २५ टक्के जिंकते. पण खरी अडचण आकड्यापेक्षा मोठी आहे: फ्लॉपवर एक्का आला की तुम्हाला वाटतं लागलं, आणि तीन फेऱ्या भरून शेवटी त्याचा राजा साइड-कार्ड (जोडीसोबतचं पान) म्हणून तुमच्यावर बसतो. काहीच लागलं नाही तर थोडं जातं. लागलं तर जास्त जातं. राजा-राणीचंही तसंच.

रेज करायला जी पानं पुरतात ती दुसऱ्याच्या रेजवर कॉल करायला पुरत नाहीत. बटणावर सगळे पॅक होऊन आले तर एक्का-गुलाम घेऊन जरूर रेज करा. तोच एक्का-गुलाम पहिल्या जागेच्या रेजसमोर, मागे चार जण बोलायचे असताना, पॅक.

एक्का-राजाबद्दल: तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे समोरच्याच्या एक्क्यांचे ६ चे ३ होतात, राजांचेही ३. म्हणून राण्यांपेक्षा एक्का-राजा आक्रमक खेळायला बरा, आधी रेज करून समोरच्याला पॅक करायला लावायला. पण ऑल-इन कॉल करायला तितका नाही. राण्या, राजे, एक्के एवढ्याच यादीसमोर वेगळ्या रंगाचा एक्का-राजा ३१ टक्के. एक्का-राजा यादीत धरला तरी ३९. वरच्या उदाहरणात ३७ लागत होते, म्हणजे जेमतेम.

रिव्हरकाठी

फ्लॉपच्या आधी मोठी जोडी टाकायची वेळ विरळा येते. फ्लॉपनंतर ती दर शनिवारी येते आणि तिथेच लोक चिकटून राहतात. एक डाव उलगडून दाखवतो.

तुमच्याकडे राजे, इस्पिक आणि चौकट. तुम्ही पुढच्या जागेवरून ३ केले, बटण आणि बिग ब्लाइंड आत. पॉट ९.५, तुमच्याकडे ९७. शिल्लक भागिले पॉट १० च्या वर, हे लक्षात ठेवा. हा भागाकार ३-४ असेल तर मोठी जोडी घेऊन सगळं घालायला हरकत नसते. १० असेल तर एका जोडीवर १०० बीबी घालण्याइतकी ती जोडी मोठी नाही.

फ्लॉप: बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किल्वर पंजी. तुम्ही ६ लावले, बटणाने २० केले, बिग ब्लाइंड पॅक. कॉल करायला १४ हवेत, पॉट ३५.५, म्हणजे २८ टक्के.

बटणाची यादी लिहा. नव्व्या, अठ्ठ्या, पंज्या यांची तीन सारखी: प्रत्येकी ३, एकूण ९. एकाच रंगाची नव्वी-अठ्ठी: ३. एकाच रंगाची सत्ती-छक्की, म्हणजे तयार सिक्वेन्स: ४. झाले १६ तयार हात. तीन सारखीसमोर तुमचे राजे ८-९ टक्के, दोन जोड्यांसमोर पाव. मग ड्रॉ, म्हणजे अजून एखादं पान लागल्याशिवाय पूर्ण न होणारे हात: एक्क्यासह बदामाचे ५, राणी-गुलाम-दश्शीतले बदामाचे ३, दुसऱ्या रंगांचे गुलाम-दश्शी ३. असे ११. त्यातला बदाम गुलाम-दश्शीचा हात तर इतका मोठा ड्रॉ आहे की राजांपेक्षा किंचित पुढे.

सगळे धरून तुम्ही २९ टक्क्यांच्या आसपास येता. फ्लॉपवरचा कॉल जेमतेम बसतो. पण तो कॉल करताना टर्नवर (टेबलावरचं चौथं पान) काय करणार हे आत्ताच ठरवा.

टर्नवर इस्पिक दुर्री. पॉट ४९.५, तुमच्याकडे ७७. तुम्ही चेक (काही न लावता पुढे), तो ३५ लावतो. आता लागतात २९ टक्के. सगळे ११ ड्रॉ त्याने परत बेट केले तर तुम्ही ३३ वर. पण घरगुती टेबलावर ड्रॉवाला सहसा रेजच करत नाही, नुसता कॉल करून पानाची वाट बघतो. ड्रॉ अर्धे धरा, तुम्ही २३ वर येता. शिवाय रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) तो उरलेले ४२ मागणार. इथे राजे टाकायचे. दुर्रीने काहीच बदललं नाही असं वाटतं, पण त्याची बेट तीच बातमी दुसऱ्यांदा सांगते.

अपवाद एक. बटणवाला दश्श्या किंवा गुलामांची जोडी घेऊनही फ्लॉपवर रेज करणारा असेल, तर १२ कॉम्बो वाढतात आणि ते सगळे तुमच्या मागे. अशा माणसासमोर टर्नला पॅक करणं चूक. परत तोच मुद्दा, त्याची पानं शो झाल्यावर पाहिली होती का?

मेंढीकोट_ठाणे

रिव्हरकाठींना +१. यादी माणसाप्रमाणे बदलते तशी वेळेप्रमाणेही बदलते. शेवटची कर्जत किंवा विरार पकडायची असली की शेवटच्या अर्ध्या तासात लोक एक्का-नव्वी, सत्त्यांची जोडी असलं काहीही घेऊन ऑल-इन जातात. रात्री नऊला ज्याच्या ऑल-इनवर राण्या टाकल्या, त्याच माणसाच्या साडेअकराच्या ऑल-इनवर त्या टाकू नका. नऊ वाजताची नोंद साडेअकराला लागू होत नाही.

उलटही खरं. जो माणूस नेहमी बोलका असतो, पानं पिसताना गप्पा मारतो, तो अचानक शांत होऊन मोठी रेज करतो तेव्हा यादी आखूडच धरा. पण हा दुय्यम पुरावा. आकड्यांच्या जागी तो वापरू नका, आकडे काठावर असतील तेव्हाच वापरा.

हिशेबनीस

स्पर्धेचा मुद्दा राहिला. एक्क्यांची जोडी फ्लॉपच्या आधी टाकणं जिथे खरंच बरोबर आहे, ती जागा म्हणजे सॅटेलाइटचा (बक्षीस म्हणून मुख्य स्पर्धेत जागा देणारी छोटी स्पर्धा) शेवट. समजा मुख्य स्पर्धेच्या १० जागा आहेत, ११ जण उरलेत, आणि तुम्ही टोकनांत तिसरे. दहाही जागांना बक्षीस सारखंच. सर्वात जास्त टोकनं असलेला ऑल-इन आला. कॉल केला तर कुठल्याही पानांसमोर एक्के १५ टक्के वेळा हरतात आणि तुम्ही बाहेर. पॅक केलं तर दोन बीबीवर बसलेला कुणीतरी पुढच्या एक-दोन फेऱ्यांत जाणारच, जागा जवळजवळ पक्की. जिंकून दुप्पट झालेल्या टोकनांना तिथे जास्त काही मिळत नाही. म्हणून पॅक.

साध्या स्पर्धेत, जिथे पहिल्याला दहाव्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, तिथे हे ओढून आणू नका. बबलवर (बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर) मोठ्या टोकनवाल्यासमोर गुलामांची जोडी किंवा एक्का-राणी टाकणं समजू शकतं. एक्के कधीच नाहीत, आणि राजेही जवळजवळ नाहीत.

बदामसत्ती

शेवटची शंका. टोकनं कमी असतील तर? २५ बीबी, तीच राण्यांची जोडी. समोरचा मधल्या जागेवरून २.५ करतो, मी ७, तो ऑल-इन २५.

हिशेबनीस

किंमत: पॉटमध्ये २५ अधिक ७ अधिक ब्लाइंडचे दीड, ३३.५. तुमचे १८. भागिले ५१.५, म्हणजे ३५ टक्के.

२५ बीबीला लोक १०० बीबीसारखी वाट बघत नाहीत. यादी दश्श्या ते एक्के या सगळ्या जोड्या, एक्का-राजा सगळे आणि एकाच रंगाची एक्का-राणी इतकी तरी धरा. दश्श्या-गुलाम १२, राण्या १, राजे-एक्के १२, एक्का-राजा १६, एक्का-राणी २. एकूण ४३. त्यासमोर राण्या ५३ टक्के. डोळे झाकून कॉल. त्याच यादीसमोर गुलामांची जोडी ४४ येते, तीही कॉल.

सवय लावायची तर इक्विलॅबसारखा फुकट कॅल्क्युलेटर घ्या. शनिवारचे दोन-तीन डाव घरी आल्यावर त्यात घाला, आणि आधी यादी कागदावर लिहून मगच बटण दाबा. यादी आधी लिहिली नाही तर आकडा आपल्याला हवा तसाच येतो. एक्का-राजा १६, जोडी ६, हातातलं एक पान वजा केलं की १२ आणि ३, एवढं पाठ असलं की टेबलावर बसल्या बसल्या अर्ध्या मिनिटात मोजून होतं.